खड्ड्याचा फोटो काढलात, पण तक्रार खरंच झाली का?

गेल्या पावसाळ्यात मोशीहून चाकणला ऑफिसला जाताना माझी गाडी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेली आणि मी आडवा झालो. कोपर सोललं, आरसा तुटला, फोनची स्क्रीन गेली. मागून येणारा टेम्पोवाला वेळेत थांबला म्हणून आज हे लिहितोय.

संध्याकाळी चिडून एका सरकारी ॲपवर फोटो टाकला आणि लिहिलं, "चाकणच्या वाटेवर मोठा खड्डा आहे, लवकर बुजवा." तीन दिवसांनी मेसेज आला, "रस्ता आमच्या हद्दीत नाही. तक्रार निकाली." खड्डा होता तिथेच होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. टेस्टरने नुसतं "ॲप चालत नाही" असं लिहिलं की आम्ही पण तो बग परत पाठवतो. कुठल्या स्क्रीनवर, किती वाजता, कुठल्या फोनवर, काहीच माहीत नसतं. माझी तक्रार तशीच होती. म्हणून आज बघूया, फोन वापरून अशी तक्रार कशी करायची की जी सहज बंद करता येणार नाही.

४८ तासांचं घड्याळ

रस्ते बांधणं आणि दुरुस्त ठेवणं हे महापालिकेचे उपकार नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची अनिवार्य कर्तव्यं दिली आहेत, त्यात रस्ते येतात. म्हणजे "बघू, जमलं तर करू" हा पर्यायच नाही.

त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मोठा आदेश दिला. चांगले, सुरक्षित रस्ते हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. महापालिका हद्दीत हे दावे आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीपुढे जातात.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वेगळंच आहे. खड्डा लक्षात आल्यावर किंवा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत बुजवला पाहिजे. म्हणजे घड्याळ सुरू करायचं बटण तुमच्या हातात आहे. पण त्यासाठी तक्रार योग्य कार्यालयात, योग्य जागेसह आणि तारीख-वेळेसह पोहोचली पाहिजे.

आधी बघा, रस्ता कुणाचा?

आपल्या भागात खरी गंमत इथे आहे. नाशिक फाट्यावरून चाकणला निघालात की भोसरी आणि मोशी लागते, ही पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द. इंद्रायणी ओलांडली की खेड तालुका. अर्ध्या तासाच्या प्रवासात रस्त्याचे मालक बदलत जातात, आणि गुगल मॅप हे सांगत नाही. ढोबळ हिशोब असा:

• पिंपरी-चिंचवड शहरातले आतले रस्ते: महापालिका. सारथी हेल्पलाइन ८८८८००६६६६ किंवा स्मार्ट सारथी ॲप.
• पुणे-नाशिक महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६०: राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. हेल्पलाइन १०३३ किंवा राजमार्गयात्रा ॲप.
• चाकण शहरातले आतले रस्ते: चाकण नगरपरिषद. नगरपरिषदांचा कायदाही वेगळा, १९६५ सालचा.
• चाकण औद्योगिक क्षेत्रातले अंतर्गत रस्ते: एमआयडीसी.
• गावांकडे जाणारे रस्ते: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग.
• देहूरोड लष्करी वसाहतीचा भाग: कँटोन्मेंट बोर्ड.

एक लक्षात ठेवा. राष्ट्रीय महामार्गाचा प्रत्येक किलोमीटर प्राधिकरणाकडेच असतो असं नाही, काही लांबी राज्याचं बांधकाम खातं सांभाळतं. म्हणून जवळचा किलोमीटरचा दगड किंवा कामाचा बोर्ड दिसला तर त्याचा फोटो नक्की घ्या. मालक शोधायला त्याचा उपयोग होतो.

फोटोतलं लोकेशन गायब कुठे होतं?

फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन लपलेलं असतं. मात्र कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू हवा. तो चालू असला तरी तीन ठिकाणी गडबड होते.

पहिली, व्हॉट्सॲप. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि लोकेशन निघून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

दुसरी, ॲप किंवा ब्राउझर. नव्या अँड्रॉइडमध्ये प्रायव्हसीसाठी, वेगळी परवानगी नसेल तर फोटो देतानाच त्यातलं लोकेशन काढून टाकलं जातं. तुम्हाला वाटतं गेलं, पण समोर नुसतं चित्र पोहोचतं.

तिसरी, खुद्द जीपीएस. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. पण पुलाखाली किंवा निगडी-दापोडी रस्त्यावरच्या ग्रेड सेपरेटरमध्ये तो भरकटतो. एवढ्याने तुम्ही मुख्य रस्त्यावरून सर्व्हिस रोडवर जाऊन पडता, आणि मालकच बदलू शकतो!

उपाय सोपा आहे. गुगल मॅपवर खड्ड्याच्या जागी बोट दाबून धरा. पिन पडते आणि आकडे दिसतात. ते तक्रारीत स्वतः लिहा. दशांश चिन्हानंतर चार आकडे असतील तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत कळते, पाच असतील तर साधारण १ मीटरपर्यंत. तेव्हा पाच आकडे लिहा, आणि इंग्रजी अंकांत लिहा, म्हणजे समोरच्याला थेट मॅपमध्ये पेस्ट करता येतील.

तक्रार अशी लिहा

दोन फोटो पुरेत. एक जवळून, शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवून, म्हणजे आकार कळतो. दुसरा लांबून, दुकानाची पाटी किंवा चौक दिसेल असा. गाडी बाजूला लावूनच फोटो काढा. चालत्या गाडीवरून मोबाईल काढू नका, नाहीतर पुढची तक्रार घरचे करतील.

मजकूर एवढाच: "अमुक चौकाकडून तमुक फाट्याकडे जाताना डाव्या लेनमध्ये अंदाजे ३ फूट लांब, अर्धा फूट खोल खड्डा. कोऑर्डिनेट्स खाली दिले आहेत. दिनांक आणि वेळ अशी. आज इथे दुचाकी घसरली. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ४८ तासांत दुरुस्ती व्हावी." मग टोकन नंबरचा स्क्रीनशॉट. तो पुरावा आहे, डिलीट करू नका.

रस्ता खोदून ठेवला असेल तर?

आपल्याला घरी फायबर हवं, मोबाईलला ५जी हवं. त्याची केबल याच रस्त्याखालून जाते. पण महापालिका हद्दीत आयुक्तांच्या परवानगीशिवाय रस्ता खोदता येत नाही. खोदलं तर कठडा लावायचा, रात्री दिवा ठेवायचा आणि काम झाल्यावर रस्ता पूर्ववत करायचा. कामाचा बोर्ड नसेल, दिवा नसेल, तर तक्रारीत खड्ड्याइतकंच तेही लिहा.

नियम आपल्यालाही आहेत बरं का. बांधकामाची वाळू-खडी परवानगीशिवाय रस्त्यावर टाकता येत नाही. रस्त्यात मांडलेल्या वस्तू कलम २३१ नुसार आयुक्त नोटीस न देता उचलू शकतात.

४८ तासांनंतर काय?

त्याच जागेचा पुन्हा फोटो काढा आणि जुन्या टोकनचा उल्लेख करून नवी तक्रार करा. तरी हललं नाही तर माहिती अधिकार. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज होतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. विचारा: शेवटचं काम कधी झालं, कंत्राटदार कोण, दोषदायित्व कालावधी कधी संपतो. या कालावधीत रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो.

अजून एक. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. "आमच्या हद्दीत नाही" म्हणून बंद करायची सोय तिथे नाही.

माझ्या खड्ड्याचं काय झालं? दुसऱ्यांदा आकड्यांसकट, योग्य कार्यालयाकडे तक्रार केली. चौथ्या दिवशी खडी टाकून बुजवला. दोन जोरदार पावसांत तो पुन्हा उघडला. आता माझा माहिती अधिकाराचा अर्ज गेलाय, आणि त्यात पहिला प्रश्न कंत्राटदाराच्या नावाचा आहे.

तुमच्या रस्त्यावर असा खड्डा असेल तर आज घरी जाताना गाडी बाजूला घ्या आणि पिन टाका. दोन मिनिटांचं काम आहे. तिथे पुढे कुणी पडलंच, तर "आम्हाला माहीतच नव्हतं" असं कुणाला म्हणता येणार नाही.