फळीला उतार किती द्यावा?

नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत फिरते ते उताराच्या जोरावर. त्यामुळे तिथल्या मुलांना उतार ओळखीचा असतो. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी व्हिडिओ गेमचे खोके घरीच बनवायचे ठरवले, तर जॉयस्टिक आणि बटणांच्या फळीला उतार किती द्यावा?

आधी आपले मनगट पाहू. त्यातल्या अरुंद बोगद्यातून एक मोठी चेता आणि बोटे व अंगठा मुडपणाऱ्या 9 कंडरा जातात. मनगट वाकवून ठेवले की आतला दाब वाढतो आणि हात अवघडतो. म्हणून कोपरापासून पंजापर्यंत हात सरळ रेषेत हवा.

फळी कोपराच्या उंचीवर असेल तर ती आडवीच बरी. ती कोपराहून उंच असेल तर हात वर चढतो. अशा वेळी मागची कड उचलावी. उभ्याने खेळताना फळी कोपराच्या खाली येते. तेव्हा मागची कड उचलली तर मनगट उलट जास्तच वाकते.

करून पाहा. 30 सेंमी रुंद फळीची मागची कड वह्या सरकवून उचला. 2.6 सेंमी उचलल्यास सुमारे 5 अंश, 5.2 सेंमी उचलल्यास सुमारे 10 अंश उतार मिळतो. जोडीदाराने बाजूने पट्टी धरून मनगट तपासावे. उंच आणि बुटक्या मुलांची उत्तरे वेगळी येतील. ती चूक नव्हे, तोच निष्कर्ष आहे.

मग वर्गातले एकाच मापाचे बाक कोणाच्या मापाचे, हेही मुलांसोबत मोजून पाहू या.