खर्जाच्या पेटीचा सरंजाम

सबवूफरची पेटी घरी बांधावयाची असेल, तर करवतीस हात घालण्यापूर्वी स्पीकरच्या तपशिलाचा कागद समोर घ्यावा; कारण पेटीचे घनफळ बांधणाऱ्याच्या मर्जीवर नव्हे, तर स्पीकरच्या स्वाभाविक कंपनसंख्येवर आणि त्याच्या पडद्याच्या लवचीकतेवर ठरते, आणि हे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले व पुढे रिचर्ड स्मॉल यांनी विस्ताराने सिद्ध केले.

फळीच्या बाबतीत काटकसर मुळीच करू नये. १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ घ्यावा आणि शक्य असेल तर दुकानातच यंत्रावर काटकोनात कापून घेण्याची तजवीज करावी. घेण्यापूर्वी बोटाच्या पेराने ठोकून पाहावे: पातळ फळी घुमते, जाड फळी कोरडा 'टक्' आवाज देऊन गप्प बसते. आपल्याला हवी ती ही गप्प बसणारीच, कारण पेटी स्वतःच बोलू लागली की खर्ज गढूळ होतो.

हत्यारांत गुण्या, ड्रिल, स्पीकरचे वर्तुळ कापण्यास जिगसॉ आणि लांब क्लॅम्प एवढी असली की पुरे. एमडीएफच्या कडेत स्क्रू थेट बसविल्यास ती फाटते, म्हणून आधी बारीक भोक पाडावे. सांध्यास पांढरा सरस भरपूर लावावा. क्लॅम्प आवळताच तो सबंध कडेने अखंड रेषेत बाहेर डोकावला, तर सरस सर्वत्र पोचला असे समजावे. तरीही आतून सिलिकॉन फिरवावे. एमडीएफ कापताना उडणारी भुकटी फार सूक्ष्म असते, तेव्हा मास्क प्रथम खरेदी करावा.