खाऱ्या पाण्याच्या पेटींत नवा मासा

काचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस आतां शहरांतील घरांतून पुष्कळच पसरली आहे. गोड्या पाण्यांतील मासे बहुतेकांच्या परिचयाचे असतात. समुद्रांतील रंगीत मासे घरीं ठेवणारीं कुटुंबें मात्र अजून थोडीं आहेत, आणि त्यांतील पुष्कळांची पहिल्या दोन महिन्यांतच निराशा होते. पेटी येते, पाणी भरलें जातें, दिवा लागतो, आणि पहिल्याच रविवारीं दुकानांतून पांचसहा मासे येतात. पंधरवड्यानंतर त्यांतील एकदोनच उरतात. दुकानदार सांगतो कीं मासे नाजूक होते. माझ्या मतें मासे नाजूक नव्हते. पेटी कोवळी होती.

पाण्याविषयीं थोडक्यांत सांगून पुढें जातों. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. स्वयंपाकाच्या मिठानें हें काम होत नाहीं, कारण समुद्रांत कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादि इतर क्षारही असतात; त्यासाठीं तयार मिळणारें मिश्रणच शुद्ध केलेल्या पाण्यांत कालवावें. दोनशें लिटरच्या पेटीस तें सात ते आठ किलो लागतें. मुंबईकर म्हणतील, समुद्र दाराशीं असतां मीठ विकत कां घ्यावें? परंतु शहराच्या किनाऱ्यालगतचें पाणी सांडपाण्यानें बिघडलेलें असतें, आणि पावसाळ्यांत तर तें गढूळ होऊन त्याचा खारटपणाही उतरतो.

आतां मुख्य मुद्दा. मासा जें अन्न खातो त्यांतील नत्राचा टाकाऊ भाग तो बहुतांशीं कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें पाण्यांत सोडतो. अफाट समुद्रांत त्याचें कांहीं वाटत नाहीं. पेटींत तो सांचत जातो आणि माशाचे कल्लेच पोळून काढतो. एका प्रकारचे सूक्ष्म जंतु या अमोनियाचें नायट्राइट बनवितात आणि दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचें नायट्रेट बनवितात. शेवटचें हें द्रव्य पुष्कळच सौम्य असून अधूनमधून थोडें पाणी बदलल्यानें आटोक्यांत राहतें. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ मध्यें मत्स्यगृह उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांचें या विषयावरील पुस्तक निघालें. वनस्पति प्राणवायु देतात व मासे तो घेतात, एवढ्यावर पेटीचा समतोल राहतो अशी त्या काळची समजूत होती. खरे कामकरी जंतु त्यांना ठाऊकच नव्हते. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानें ते १८९० च्या सुमारास मातींतून वेगळे करून दाखविले.

हे जंतु दगडांवर, वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात, व ती वस्ती वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. त्या अवधींत पेटींत एकही मासा नसावा. जंतूंना खाद्य म्हणून सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा पाण्यांत कुजूं द्यावा. घरांत वासाबद्दल कुरकुर होईल, ती सोसावी. पूर्वीं यासाठीं डॅमसेल जातीचे काटक मासे सोडीत व ते तगले तर पेटी तयार झाली असें मानीत. जिवंत प्राण्यास असें कसोटीला लावणें मला अप्रशस्त वाटतें. शिवाय तगलेला डॅमसेल पुढें सर्व पेटीचा मालक होऊन बसतो.

परंतु परीक्षेंत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आलीं म्हणजे वाटेल तितके मासे सोडण्यास मोकळीक मिळाली, असें मात्र नाहीं. जंतूंची वस्ती मिळणाऱ्या खाद्याच्या मानानेंच राहते. दोन माशांचा मल पचविणाऱ्या पेटींत एकदम सहा मासे आले तर जंतु वाढेपर्यंतचे दिवस त्या माशांना विषांतच काढावे लागतात. एका शिक्षकाच्या वर्गांत एकाच सकाळीं तिप्पट मुलें बसवावीं, तसाच हा प्रकार. म्हणून एका वेळीं एक, फार तर दोन लहान मासे घ्यावे, आणि पुढचे घेण्यापूर्वीं तीनचार आठवडे जाऊं द्यावे.

माशांचा क्रमही महत्त्वाचा आहे. शांत स्वभावाचे आधीं, भांडखोर शेवटीं. आरंभास क्लाउन माशाची जोडी उत्तम. हे सर्व मासे जन्मतः नर असतात व जोडींतील मोठा पुढें मादी होतो. म्हणून लहानमोठीं अशीं दोन पिलें घ्यावींत. क्लाउन मासे माणसाच्या देखरेखीखालीं पैदास करून मिळतात. आपल्याकडे मंडपम येथील सागरी मत्स्य संशोधन केंद्रानें ती विद्या साध्य केली आहे. अशीं पिलें पेटींतील जीवनास सरावलेलीं असतात आणि त्यांच्यासाठीं समुद्र लुटावा लागत नाहीं. समुद्री घोडे व प्रवाळ यांचा मोह सोडावा. आपल्या देशांत त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे.

नवा मासा थेट मोठ्या पेटींत कधींही सोडूं नये. चाळीसएक लिटरची दुसरी साधी पेटी असावी. तींत वाळू नको, फक्त स्पंजाचा फिल्टर, हीटर आणि लपण्यास प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडा. त्या फिल्टरचा स्पंज मोठ्या पेटींत आधींपासून ठेवून जंतूंनीं भरलेला असावा. येथें माशास चार ते सहा आठवडे ठेवावें. मीठ शिंपडल्यासारखे अंगावर पांढरे ठिपके उठणें हा समुद्री माशांचा मोठा रोग आहे. त्याचा परजीवी माशाच्या अंगावरून गळून तळाशीं कोष करतो, आणि कांहीं दिवसांनीं, कधीं कांहीं आठवड्यांनीं, त्या कोषांतून पोहणारीं शेंकडों पिलें निघतात. त्यावरील तांब्याचें औषध मोठ्या पेटींतील शंख व कोळंबी यांना मारक असतें. तें वेगळ्या पेटींतच देतां येतें.

दुकानांतून पिशवी घरीं आणल्यावर ती बंद ठेवूनच वीस मिनिटें पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णमान सारखें होईल. मग थेंबथेंब पाणी घालीत तासन् तास वेळ काढावा, असें पुष्कळ ठिकाणीं सांगतात. परगांवाहून बंद पिशवींत दिवसभराचा प्रवास करून आलेल्या माशास हें घातक ठरतें. पिशवींत त्याच्या श्वासाचा कर्बवायु सांचून पाणी आम्लतेकडे झुकलेलें असतें, आणि त्यामुळें सांचलेला अमोनिया बहुतांशीं निरुपद्रवी रूपांत असतो. तोंड उघडतांच तो वायु उडून जातो, पाण्याचा पीएच अंक चढूं लागतो, आणि तो एकानें चढला कीं विषारी अमोनियाचें प्रमाण जवळजवळ दहापट होतें. तेव्हां दुकानदारास त्याच्या पाण्याचा खारटपणा आधींच विचारून धाकट्या पेटींत तितकाच ठेवावा, आणि पिशवी उघडल्यावर मासा हलकेच उचलून लगेच तींत सोडावा. पिशवींतील पाणी पेटींत ओतूं नये. मग मीठ वाढवीत चारपांच दिवसांत मोठ्या पेटीच्या पाण्याशीं मेळ घालावा. खारटपणा हळूहळू वाढलेला मासे सोसतात, एकाएकीं वाढलेला नाहीं.

मोठ्या पेटींत मासा सोडण्याचा दिवस आला म्हणजे जुन्या माशांना आधीं खाऊं घालावें व दोनचार दगडांच्या जागा बदलाव्या. मग कोणाचीच हद्द ठरलेली राहत नाहीं. दिवा मालवून संध्याकाळीं मासा सोडावा. पहिला आठवडाभर रोज अमोनिया तपासावा. तो दिसला तर खाद्य निम्म्यावर आणून चौथा हिस्सा पाणी बदलावें. पहिल्या रात्रीं घाबरलेला मासा उसळी मारून बाहेर पडूं शकतो, याकरितां पेटीवर बारीक जाळी घालावी, आणि वायर व नळी जेथून आंत जातात तेथील फटही बुजवावी.