मुयो, योवो आणि इवो
लेखमाला : नावांचे मुलूख (भाग ७)

१५ जून २०१४. रिओच्या माराकाना मैदानावर बोस्निया-हर्झेगोव्हिना पहिल्यांदाच फुटबॉल विश्वचषकाचा सामना खेळत होता. समोर मेस्सीचा अर्जेंटिना. सामना २-१ असा हातचा गेला, पण वेदाद इबिशेविचनं मारलेला तो एक गोल देशाच्या इतिहासात जमा झाला. आज मला त्या गोलापेक्षा त्या संघाची यादी तुमच्यापुढे ठेवायची आहे. अस्मिर, यास्मिन, एमिर, एर्मिन, सेनाद, मुहामेद, मिरालेम, इझेत, हारिस, एदिन, वेदाद. आणि त्यांच्याच बरोबरीनं झ्व्येझ्दान, ओग्न्येन, तोनी. सगळे पुरुष, सगळे एकाच देशाचे, आणि बहुतेकांची आडनावं 'इच'नं संपणारी.

आपल्याला ही यादी नुसतीच अनोळखी वाटते. बोस्नियातला माणूस मात्र ती ऐकता ऐकताच प्रत्येकाला आपापल्या खान्यात बसवतो : सेनाद म्हणजे बोश्नियाक, अर्थात मुसलमान, ओग्न्येन म्हणजे सर्ब, ऑर्थोडॉक्स, तोनी म्हणजे क्रोएट, कॅथलिक. २०१३च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या साधारण ३५ लाख भरली. त्यात निम्मे बोश्नियाक, तीस टक्क्यांच्या वर सर्ब आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास क्रोएट. तिघांची बोली एकमेकांना सहज कळते, चेहरेपट्टी सारखी, जेवणाखाणातही फारसा फरक नाही. त्यामुळे अनोळखी माणूस कोणाचा कोण, हे ठरवायला नावच तेवढं हाताशी उरतं. हे कळल्यापासून मी बोस्नियातली नावं जास्त बारकाईनं पाहायला लागलो, आणि जितकं पाहावं तितकं ते खाने कच्चे निघाले.

सुरुवात मुसलमानी नावांपासून करतो, कारण ती आपल्याला जवळची आहेत. बोस्निया १४६३मध्ये उस्मानी तुर्कांनी जिंकला. अरबी नावं तिथे तुर्कांच्या तोंडून पोचली, आणि तुर्कांनी त्यातली बरीचशी फारसीच्या हातून घेतलेली होती. आपल्याकडे दख्खनच्या सुलतानीत हेच शब्द फारसीतूनच आले. फक्त आपण ते दफ्तरात आणि बोलण्यात ठेवले, बोस्नियानं ते मुलांना दिले. म्हणून इझेत हे नाव म्हणजे आपली इज्जत. हिक्मेत म्हणजे हिकमत, पण तिथे तिचा मूळचा 'शहाणपण' हाच अर्थ टिकला. फिक्रेतमध्ये आपली फिकीर आहे, तिच्या 'विचार' या जुन्या अर्थानं. सेनाद आणि आपली सनद एकाच अरबी शब्दातून निघाली; त्याचा मूळ अर्थ आधार, टेकू. नेर्मिन हे तर सरळ फारसी 'नरम'. तुर्कस्तानात ते बाईचं नाव आहे, बोस्नियात मात्र पुरुष नेर्मिन असतो आणि बाई नेर्मिना. यास्मिनचंही तसंच. आपल्याकडे हे नाव ऐकलं की मुलगीच डोळ्यांपुढे येते. बोस्नियात यास्मिन हा मुलगा, त्याची बहीण यास्मिना. फारसीतल्या चमेलीचं नाव लावून धिप्पाड गोलरक्षक मैदानात उतरतो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

या नावांचं बोस्नियानं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. तुर्की 'हम्दी', 'रेम्झी' अशी इकारान्त नावं स्लाव्ह व्याकरणाला चालवता येईनात. विभक्ती लावायची कुठे? मग त्यांना 'या' जोडला गेला : हम्दिया, रेम्झिया, आणि अलीचा अलिया. मराठी कानाला ही नावं बायकांची वाटतील, पण स्लाव्ह मुलखात मुस्तफा, मिर्झा, लुका, निकोला, इलिया हे सगळे बाप्येच. दुसरा बदल 'क'चा. कित्येक नावांत तो मऊ होऊन 'च'कडे वळला. कामिलचा चामिल, काझिमचा चाझिम, शाकिरचा शाचिर, आणि पहिले खलिफा अबू बकर यांचं नाव तर बेचिर झालं. अरबस्तानातून आलेल्या माणसाला बेचिर म्हणजे अबू बकर, हे सांगूनही पटणार नाही. अशा नावांवर इस्मेत स्माइलोविच यांचा मोठा अभ्यासग्रंथ १९७७मध्ये सारायेवोत निघाला. ग्रंथकाराचं आडनावच पाहा : इस्माईलचा झालेला 'स्माइल', आणि पुढे स्लाव्ह 'ओविच'.

अशी जोडणी सगळ्यात ठळक दिसते ती बोस्नियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष अलिया इझेतबेगोविच यांच्या नावात. अलिया हा बोस्नियाच्या तोंडात घोळलेला अली. इझेत अरबी, बेग तुर्की, ओविच स्लाव्ह. एका आडनावात तीन भाषा, आणि तिथे हे आडनाव कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, इतकी ही रीत अंगवळणी पडली आहे.

तुर्कांच्या आधीचा बोस्निया स्लाव्ह नावांचा. २९ ऑगस्ट ११८९ रोजी बान कुलिन यानं दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांना दिलेलं अभयपत्र आजही जपलेलं आहे. बान म्हणजे तिथला अधिपती. कुलिनचं नाव म्हणीत इतकं मुरलंय की फार जुनी गोष्ट असली की लोक 'कुलिन बानाच्या वेळची' म्हणतात. १३७७मध्ये राज्याभिषेक करवून घेणारा पहिला राजा त्व्रत्को. 'त्व्रद' म्हणजे टणक, त्यावरून हे नाव. मध्ययुगातल्या दगडी समाध्यांवर, ज्यांना तिथे स्तेचाक म्हणतात, अशीच नावं कोरलेली सापडतात : रादोये, वुकात्स, बोगदान. २०१६मध्ये या समाध्यांना युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. बोगदान म्हणजे देवानं दिलेला, आपला देवदत्त. आणि हे साम्य नुसतं अर्थाचं नाही. स्लाव्ह भाषा आणि संस्कृत या फार दूरच्या का होईना, बहिणी आहेत. विश्वचषकातल्या त्या ओग्न्येनच्या नावात 'ओगान्य' आहे, म्हणजे अग्नी. वुक म्हणजे लांडगा, आणि तो संस्कृतातल्या वृकाचा सख्खा भाऊ.

वुक या नावाला एक घरगुती कारण होतं. सर्बियन कोशकार वुक काराजिच १७८७मध्ये जन्मला. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. चेटकिणी पोरं खातात पण लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, या समजुतीनं त्याचं नाव वुक ठेवलं. ही हकीकत त्यानं स्वतःच नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडचे दगडू, धोंडू, केरबा ज्या भीतीतून आले, तीच ही भीती. पोर जगावं म्हणून बोस्नियात आणखी एक तऱ्हा होती : नावातच 'जगतो' म्हणायचं. ख्रिस्ती घरात झिव्को. 'झिव' म्हणजे जिवंत, आपल्या 'जीव'चंच भावंड. मुसलमान घरात याशार. तुर्कीत त्याचा अर्थ अगदी हाच, 'जगतो'. दोन शेजारणी, दोन धर्म, दोन भाषांतली नावं, आणि पाळण्यापाशी बसलेल्या आईच्या मनातलं मागणं एकच. मला बोस्नियाच्या सगळ्या नावांत ही जोडी सर्वांत जवळची वाटते.

पंधराव्या-सोळाव्या शतकातली उस्मानी महसुलाची दफ्तरं चाळली तर धर्मांतर डोळ्यांदेखत घडताना दिसतं. मुलाचं नाव अहमद किंवा हम्झा, बापाचं नाव अजून स्लाव्हच. कित्येक नवमुस्लिमांच्या बापाच्या जागी नुसतं 'अब्दुल्ला' लिहिलेलं असतं, म्हणजे अल्लाचा बंदा. बापाचं ख्रिस्ती नाव दफ्तरात घ्यायचं नसलं की लेखनिकाची ती ठरलेली वाट. विशेग्रादजवळच्या सोकोलोविची गावचा एक मुलगा असाच सुलतानाच्या चाकरीत नेला गेला, मेहमेद झाला, आणि १५६५ ते १५७९ तो उस्मानी साम्राज्याचा वजीर-ए-आझम होता. नाव बदललं, पण सोकोलोविच ही गावाची ओळख त्यानं सोडली नाही. 'सोकोल' म्हणजे ससाणा. द्रिना नदीवरचा त्याचा पूल आजही उभा आहे, आणि इवो आंद्रिचच्या कादंबरीमुळे तो जगाला ठाऊक झाला.

ख्रिस्ती नावांतही दोन वाटा आहेत. एकच संत योहान, पण सर्बांचा योवान आणि क्रोएटांचा इवान. संत जॉर्ज सर्बांकडे जोर्जे, क्रोएटांकडे युराय किंवा युरे. स्टीफन तिकडे स्तेवान, इकडे स्त्येपान. मार्को, लुका, पेतार, निकोला ही नावं मात्र दोन्हीकडे चालतात, तेवढ्यावरून कुणाची जात कळत नाही. इलिया तर तिन्हीकडे पोचला. २ ऑगस्टला ऑर्थोडॉक्स लोक संत इलियाचा सण पाळतात, आणि त्याच दिवशी बोस्नियातले मुसलमान अलिजुन, म्हणजे अलीचा दिवस, साजरा करतात. त्यावरून म्हण आहे : 'दो पोद्ने इलिया, ओद पोद्ने अलिया', दुपारपर्यंत इलिया, दुपारनंतर अलिया. कॅथलिकांचाही तोच संत, आणि ते त्याला बोस्नियाचा पालक मानतात.

घरात शिरलं की मात्र हे सगळे फरक एका साच्यात जातात. कुठलंही नाव तोडून दोन अक्षरांवर आणायचं आणि शेवटी 'ओ' लावायचा, ही तिथली रीत. मुस्तफाचा मुयो, सुलेमानचा सुल्यो, इब्राहिमचा इब्रो, हुसेनचा हुसो, अब्दुल्लाचा आव्दो. तसाच योवानचा योवो, इवानचा इवो, पेतारचा पेरो, बोझिदारचा बोझो. या साच्याला धर्म ठाऊक नाही. नोबेल मिळवणारा आंद्रिच बाप्तिस्म्याच्या वेळी इवान होता. जग त्याला घरच्या नावानं, इवो म्हणूनच ओळखतं. 'दर्वेश आणि मृत्यू' लिहिणारे मेशा सेलिमोविच हे मुळात मेहमेद. बोस्नियाच्या विनोदांतले दोन नायक मुयो आणि हासो, आणि तेच विनोद सर्ब आणि क्रोएटही सांगतात. हाच मुयो क्रायना भागातल्या जुन्या वीरगीतांत मुयो हर्न्यित्सा नावाचा सीमेवरचा लढवय्या आहे.

बोस्निया ज्याचा भाग होता त्या टिटोच्या युगोस्लावियात, १९४५नंतर, पुष्कळ आईबापांनी मुद्दामच खाने चुकवणारी नावं शोधली. झ्लातान, म्हणजे सोन्याचा, मुसलमान घरांतही रुळला. माल्मोत जन्मलेल्या झ्लातान इब्राहिमोविचचे वडील बोश्नियाक आणि आई क्रोएट. दामिर, गोरान, देनिस अशी नावं कुणाच्याही घरी चालत. त्याच काळात बोश्नियाक घरांत नुसत्या नादावर घडवलेल्या नावांची लाट आली : अस्मिर, अल्मिर, एल्मिर, एल्विर. अरबी कोशात त्यांचं मूळ शोधायला जाऊ नये. शेवटचा 'मिर' अरबी अमीराचाही आहे आणि स्लाव्ह 'मिर' म्हणजे शांततेचाही, आणि आईबापांना दोन्ही हवे होते. एल्विस प्रेस्लीच्या नावाचे बोश्नियाक पुरुषही याच पिढीतले.

१९९२ ते १९९५च्या युद्धात रस्त्यावरच्या चौक्यांवर ओळखपत्र मागितलं जाई, आणि त्यावरच्या पहिल्या शब्दावर माणसाचं मरणजगणं ठरे. स्रेब्रेनित्सात जुलै १९९५मध्ये आठ हजारांवर बोश्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. पोतोचारीच्या स्मारकात अर्धवर्तुळाकार शिळांवर त्यांची नावं आहेत : आडनाव, कंसात बापाचं नाव, मग स्वतःचं नाव आणि जन्मसाल. आपल्यासारखंच तिथेही कागदोपत्री बापाचं नाव मध्ये येतं. कित्येक ठिकाणी एका ओळीतलं कंसातलं नाव दुसऱ्या ओळीत स्वतः मेलेल्याचं नाव म्हणून भेटतं, म्हणजे बाप आणि लेक दोघंही त्याच दगडावर. या ओळी सावकाश वाचल्या तर बोस्नियाच्या मुसलमानी नावांचा आख्खा कोश तिथे आहे, आणि असा कोश कुठल्याही भाषेला मिळू नये.

त्याच युद्धात सारायेवोच्या बाजूनं लढलेले एक सेनापती योवान दिव्याक होते. नावानं, जन्मानं सर्ब. वेढा पडलेल्या शहरात त्यांचं नाव खटकायला हवं होतं. पण लोकांनी त्यांना आपलं मानलं आणि योवो म्हणूनच हाक मारली. १९९४मध्ये त्यांनी युद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. २०२१मध्ये ते गेले. उलट दिशेचं उदाहरणही आहे. सारायेवोत जन्मलेले चित्रपट-दिग्दर्शक एमिर कुस्तुरित्सा यांनी २००५मध्ये ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मा घेतला आणि नेमान्या हे नाव स्वीकारलं. एमिर हे नाव त्यांनी चित्रपटांवर तरीही ठेवलं आहे.

युद्धानंतरच्या पिढीत खाने पुन्हा पक्के झाले. बोश्नियाक घरांत हम्झा, हारून, दावुद, अहमेद ही नावं भरभरून ठेवली जातात, आणि यातलं कुठलंच बेचिरसारखं मुरडलेलं नाही. सर्ब घरांत वुक आणि नेमान्या परतले आहेत. याशार, रेजेप, झिव्को आता आजोबांच्या वयाच्या माणसांत सापडतात. त्व्रत्कोचं वेगळंच. आज ते बहुतेक क्रोएट घरांतलं नाव, अधूनमधून बोश्नियाक घरातही मिळतं, आणि तो राजा आपलाच, असं सर्बही म्हणतात. सारायेवोच्या एखाद्या शाळेत त्व्रत्को नावाचा मुलगा हजेरीला उभा राहिला, तर नुसत्या नावावरून तो कोणाचा, हे मास्तरांना छातीठोकपणे सांगता येणार नाही.

(पुढच्या आठवड्यात : बोस्नियातल्या बायकांची नावं)