मत आणि मालमत्ता



इतिहास शिकवितांना एक प्रश्न मुलें मला हमखास विचारीत : राज्यकर्ते श्रीमंतांचेंच कां ऐकतात? “पैसे चारतात म्हणून,” हें उत्तरहि त्यांच्याजवळ तयार असे. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. इंग्लंडचें उदाहरण घेऊन त्याचीं मुळें पाहूं.

१८३२ पूर्वीं ओल्ड सॅरम या ओसाड जागेचे मूठभर मतदार पार्लमेंटांत दोन सभासद पाठवीत. गिरण्यांनीं गजबजलेल्या मँचेस्टरला मात्र स्वतःचा एकहि प्रतिनिधि नव्हता. मताचा हक्क बहुशः माणसाला नसून मालमत्तेला होता. सभासद होण्यासहि १८५८ पर्यंत ठराविक मिळकत लागे, आणि वेतन तर १९११ पर्यंत नव्हतेंच. ज्याचें घर खंडावर चाले, त्यालाच देशाचा कारभार परवडे.

हें झालें आर्थिक मूळ. सामाजिक मूळ याहून खोल आहे. मत सर्वांदेखत तोंडानें सांगावें लागे. कूळ मत देई तेव्हां जमीनदाराचा कारभारी तें ऐकत असे. मग पैसे चारण्याची गरजच काय? शेत काढून घेतील, एवढी भीति पुरे. आणि पिढ्यान् पिढ्या मान लववण्याची संवय लागली, कीं भीतीलाच निष्ठा म्हणतात!

याचें फळ काय? १८१५ च्या कायद्यानें, देशी गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गव्हाची विक्री बंद झाली. जमीनदारांचा खंड सांभाळला गेला. मजुराच्या पावाला मात्र त्याची किंमत द्यावी लागली. धान्यावरचे असे कायदे १८४६ सालीं रद्द झाले.

पुढें एकेक मूळ तोडण्यांत आलें. १८७२ सालीं गुप्त मतदान आलें, १८८३ सालीं निवडणूक-खर्चास मर्यादा पडली आणि १९११ सालीं सभासदांना वार्षिक ४०० पौंड वेतन मिळूं लागलें.

आपल्याकडे १९५१-५२ च्या निवडणुकींत मालमत्तेची अट न ठेवतां सर्व प्रौढांना मताचा हक्क होता. परंतु निवडणुकीला पैसा लागतोच, आणि तो देणारा असतोच. देणगीदाराचें नांव मतदारापासून झांकणारी निवडणूक-रोख्यांची योजना २०१८ सालीं आली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती घटनाबाह्य ठरविली.

मताची गुप्तता दुर्बळाचें रक्षण करते; देणगीची गुप्तता प्रबळाचें. घरांतील नव्या मतदाराला एवढा भेद आपण समजावून दिला, तरी पुष्कळ झालें.