पोर्ट लुईला एक सकाळ द्याच!
मॉरिशसला जाणारे बहुतेक जण थेट समुद्रकिनारा गाठतात. पोर्ट लुई बघायचं राहून जातं.

फ्रेंचांनी वसवलेलं हे बंदर १८१० मध्ये इंग्रजांनी घेतलं. गुलामगिरी संपत आली तशी उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली. मग १८३४ पासून कलकत्ता, मद्रास, मुंबईहून करारावर मजूर आणले गेले, थोडेथोडके नाही, साडेचार लाखांच्या आसपास! बंदरालगतच्या आप्रवासी घाटावर त्यांची नोंद होई. तिथल्या दगडी पायऱ्या आजही आहेत; २००६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. या मजुरांत आपले कोकणातले लोकही होते. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, ठाऊक होतं?

घाट बघून झाला की सेंट्रल मार्केटमध्ये गरमागरम दालपुरी खा. पुरणपोळीची तिखट बहीणच ती!