पॉटरपटांशी जुना हिशेब

हॅरी पॉटरचं दुसरं पुस्तक ब्रिटिश आवृत्तीत 251 पानांचं. त्यावरचा सिनेमा मात्र आठांत सगळ्यात लांब, 161 मिनिटांचा. पाचवं पुस्तक 766 पानांचं, उशाखाली घेतलं तर मान अवघडेल असं. त्याचा सिनेमा 138 मिनिटांत आटोपला! हे गणित ज्याने कुणी मांडलं त्याला स्नेप मास्तरने महिनाभर शिक्षेला बसवायला हवं होतं. शाळकरी वयात आम्ही पॉटरवेडे थिएटरातून बाहेर पडायचो ते असेच हिशेब करत. काय गाळलं, कोण गायब, कुठला प्रसंग खाल्ला. 2001 ते 2011, आठ सिनेमे, आणि दरवेळी तीच कुरकुर. आता नोकरी, हप्ते आणि पाठदुखी सांभाळून ते पुन्हा बघताना कुरकुर आहेच, पण वेगळ्याच गोष्टींवरून.

गाळलेल्यांत पहिला मान पीव्ह्जचा. हॉगवर्ट्स शाळाभर धुडगूस घालणारा हा वात्रट प्राणी आठही सिनेमांत कुठेच दिसत नाही. आणि गंमत अशी की त्याचं चित्रीकरण झालं होतं! रिक मेयल हा ब्रिटिश विनोदवीर पहिल्या सिनेमासाठी पीव्ह्ज झाला, काम करून घरी गेला, आणि संकलनात त्याची सगळी दृश्यं उडाली.

मग डोळे. पुस्तकात हॅरीचे डोळे हिरवे, हुबेहूब आईसारखे, आणि त्यावर अख्ख्या कथेचा एक खांब उभा. डॅनियल रॅडक्लिफचे निळे. हिरव्या लेन्स लावून बघितल्या, पण त्याचे डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा तो नाद सोडला. इथवर कुणाची तक्रार नाही, पोराच्या डोळ्यांपुढे पुस्तक काय मोठं. पण शेवटच्या सिनेमात हॅरीची आई लिली लहानपणची दाखवायची वेळ आली, तेव्हा निवडलेल्या मुलीचे डोळे तपकिरी! आठ सिनेमे जो तो हॅरीला ‘डोळे अगदी आईचे’ म्हणत राहिला, आणि ऐन मोक्याला आईचेच डोळे वेगळे.

हॅरीचं घुबड हेडविग मादी, पण पडद्यावर ती साकारली नर घुबडांनी. बर्फाळ घुबडांत पांढरेशुभ्र असतात ते नर. मादीच्या अंगावर काळपट ठिपके असतात. शाळेचा राखणदार हॅग्रिडचा अगडबंब देह लांबून दिसतो तेव्हा तो बऱ्याचदा रॉबी कोल्ट्रेन नसतोच. तो असतो मार्टिन बेफील्ड, इंग्लंडच्या रग्बी संघातला सहा फूट दहा इंची माजी खेळाडू. आणि रडकी मर्टल? चौदा वर्षांच्या त्या भुताचं काम करताना शर्ली हेंडरसन छत्तिशीत होती.

पहिल्या सिनेमात भोजनगृहातल्या तरंगत्या मेणबत्त्या खऱ्याखुऱ्या होत्या, बारीक तारांना टांगलेल्या. ज्योतीच्या आचेने तारा तुटून मेणबत्त्या खाली यायला लागल्या, तेव्हा तो खेळ गुपचूप संगणकाकडे सोपवला. खाली टेबलांवरचं जेवणही खरं होतं. तापलेल्या दिव्यांखाली तासन् तास ठेवलेल्या मांसाच्या ताटांना काय वास सुटला असेल ते आपलं आपण समजावं.

मुख्याध्यापक डम्बलडोर दोन. रिचर्ड हॅरिस आधी भूमिका घ्यायला तयार नव्हता. अकरा वर्षांच्या नातीने ‘मग मी तुमच्याशी कध्धीच बोलणार नाही’ अशी धमकी दिली, तेव्हा आजोबा वठणीवर आले. ऑक्टोबर 2002 मध्ये, दुसरा सिनेमा लागायच्या तोंडावर, तो गेला. पुढचा डम्बलडोर मायकेल गॅम्बन. त्याने पुस्तकं वाचलीच नव्हती आणि हे तो खुशाल सांगायचा. चौथ्या सिनेमात ते दिसतंही. स्पर्धेसाठीच्या अग्निचषकात नाव तू टाकलंस का, हे पुस्तकातला डम्बलडोर हॅरीला शांतपणे विचारतो. पडद्यावरचा पोराच्या अंगावर धावून जातो आणि त्याला धरून गदागदा हलवतो.

तिसरा सिनेमा सगळ्यात सरस, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. दिग्दर्शक अल्फॉन्सो क्वारोनने तिन्ही पोरांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला लावला. एमा वॉटसनने पानंच्या पानं भरून दिली, रॅडक्लिफने एक पान खरडलं, रुपर्ट ग्रिंटने दिलाच नाही. हर्मायनी, हॅरी आणि रॉनने तरी दुसरं काय केलं असतं!

आता घरचा प्रश्न. पार्वती आणि पद्मा पाटील. आडनाव आपल्याकडचं, त्यामुळे चौथ्या सिनेमातल्या नृत्यसमारंभाकडे डोळे लावून बसलो होतो. पुस्तकात पार्वती झगझगीत गुलाबी झग्यात, वेणीत सोनेरी गुंफण, आणि पद्मा मोरपंखी निळ्यात. सिनेमात दोघींना गुलाबी-नारिंगी घागरा-चोळ्या चढवल्या, लग्नसराई संपल्यावर दुकानात उरलेल्या मालासारख्या. शिवाय पुस्तकात रेव्हनक्लॉत असलेली पद्मा सिनेमात बहिणीबरोबर ग्रिफिंडोरमध्येच. पाटलांच्या दोन लेकी वेगवेगळ्या घरांत गेल्या, तर सिनेमावाल्यांचं काय जात होतं?

पण माझं खरं दुखणं रॉन. आठपैकी सात सिनेमांची पटकथा स्टीव्ह क्लोव्ह्जची, आणि त्याची आवडती हर्मायनी. हे त्याने कधी लपवलं नाही. पहिल्या पुस्तकात सैतानी वेलीच्या विळख्यात हर्मायनी गडबडते, जाळायला लाकूड कुठून आणू म्हणते, आणि तू जादूगारीण आहेस ना, हे तिच्यावर ओरडतो तो रॉन. सिनेमात तीच शांत, तीच हुशार, आणि रॉन नुसता किंचाळतो. दुसऱ्या पुस्तकात हर्मायनीला दिलेल्या शिवीचा अर्थ हॅरीला रॉन सांगतो, कारण जादूगारांच्या घरात वाढलेला तो. सिनेमात ते तिच्याच तोंडी. तिसऱ्यात तर कहर. हॅरीला मारायचं तर आम्हालाही मारावं लागेल, हे खुनी समजल्या गेलेल्या सिरियसला सुनावतो मोडक्या पायावर कसाबसा उभा राहिलेला रॉन. सिनेमात हर्मायनी हॅरीपुढे येऊन हे बोलते, आणि रॉन मागे पाय धरून कण्हतो. पीव्ह्ज गाळला, ठीक आहे, वेळ नसतो. पण एकाची हिंमत काढून दुसरीला द्यायला वेळ कसा मिळाला?

तरी याच क्लोव्ह्जला दोन गोष्टी माफ. सातव्या पुस्तकात हर्मायनी आईबाबांची स्मृती पुसल्याचं चार वाक्यांत सांगून मोकळी होते. सिनेमा हे सुरुवातीलाच दाखवतो: चहाला हाक येते, ती बैठकीच्या खोलीत पाठमोऱ्या आईवडिलांवर छडी रोखते, आणि भिंतीजवळच्या फोटोंतून एकेक करून तिची आकृती विरून जाते. मागे राहतं रिकामं गवत, रिकामा समुद्रकिनारा. दुसरी, तंबूतला नाच. रॉन निघून गेलेला, रेडिओवर निक केव्हचं गाणं, आणि हॅरी हर्मायनीला उगाच हसवायला म्हणून नाचवतो. पुस्तकात याचा पत्ता नाही. तेव्हा आम्ही शिव्या घातल्या होत्या. आता तेवढंच दृश्य मागे नेऊन पुन्हा बघतो.

एचबीओने 2023 मध्ये नवी मालिका जाहीर केली, आणि 2025 मध्ये चित्रीकरण सुरू झालं, तेही जुन्याच लीव्ह्स्डन स्टुडिओत, जिथे एकेकाळी रोल्स-रॉइसची विमानाची इंजिनं बनायची. डम्बलडोर या वेळी जॉन लिथगो. पुस्तकांशी इमान राखू, असं वचन दिलंय. पाहू. तिसऱ्या पुस्तकाची पाळी येईल तेव्हा मोडक्या पायावर कोण उभं राहतं, ते बघून मगच उरलेल्या भागांचं ठरवीन.